नवा कॅमेरा घेण्याआधी: आहे त्या कॅमेऱ्यातून फोटो सुधारण्याची पद्धत

‘फोटो मनासारखे येत नाहीत, कुठला कॅमेरा घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी त्याचे फसलेले फोटो बघायला मागतो. फोटो कशामुळे फसतोय हे माहीत नसताना कॅमेरा बदलणं म्हणजे दुखणं न सांगता औषध मागण्यासारखं आहे. बहुतेकांच्या फसलेल्या फोटोंत प्रकाश चुकलेला असतो, मागे गर्दी असते किंवा क्षण निसटलेला असतो, आणि यातलं काहीही महागडी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेऊन सुटत नाही. पण काही अडचणी खरोखरच साधनांच्या असतात. अंधाऱ्या सभागृहात नाचणाऱ्या माणसाचे फोटो काढणाऱ्याला ‘कॅमेरा नव्हे, नजर महत्त्वाची’ असं ऐकवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नजर असूनही त्याचा फोटो हलणार आहे.

म्हणून आधी निदान, मग सराव, आणि सगळ्यात शेवटी खरेदी, या क्रमाने जाऊ. तुमच्याकडे मोबाइल असो, जुना डीएसएलआर असो किंवा मिररलेस, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: फसलेल्या फोटोंची झडती

गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो उघडा. काढताना ज्यांच्याकडून अपेक्षा होती आणि नंतर पाहून हिरमोड झाला, असे चाळीस-पन्नास बाजूला काढा. कागदावर रकाने आखा: हलला, फोकस चुकला, प्रकाश वाईट, मागे गर्दी, क्षण हुकला, विषय फार लांब, अंधारात दाणेदार झाला. प्रत्येक फोटो एका रकान्यात टाका. दोन कारणं असतील तर मोठं कारण धरा.

‘अस्पष्ट आला’ एवढ्यावर थांबू नका, कारण अस्पष्टपणाचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. फोटो पूर्ण मोठा करून बघा. चेहरा, भिंत, खुर्ची असं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हलला. भिंत आणि खुर्ची कातरल्यासारखी स्वच्छ, फक्त माणसाचा हात फराटलेला, असं असेल तर विषय हलला, म्हणजे शटर स्पीड (शटर किती वेगाने उघडून मिटतो तो) कमी पडला. आणि माणूस मऊ पण त्याच्या मागचं झाड किंवा पुढचं टेबल धारदार असेल, तर फोकस भलतीकडे बसला. पहिल्याचा इलाज स्थिर हात किंवा ट्रायपॉड, दुसऱ्याचा वेगवान शटर, तिसऱ्याचा फोकसचा बिंदू स्वतः निवडणं. तिन्ही बाबतींत ‘कॅमेरा साधा आहे’ असं म्हणून माणूस मोकळा होतो, आणि नव्या कॅमेऱ्यातही तेच फोटो घेऊन येतो.

हा कागद टाकून देऊ नका. खरेदीच्या वेळी लागणार आहे.

पायरी २: प्रकाश वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सेटिंगचा अभ्यास नंतर केला तरी चालेल.

दिवसा एक खिडकी निवडा, जिच्यातून थेट ऊन येत नाही पण मोकळं आकाश दिसतं. खोलीतले सगळे दिवे बंद करा. घरातल्या पिवळ्या दिव्याचा रंग साधारण २७०० ते ३००० केल्व्हिन असतो आणि दिवसाच्या उजेडाचा साधारण ५५०० च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल पिवळा, एक निळसर, आणि तो घोळ नंतर एडिटिंगमध्येही धड निस्तरत नाही.

आता कोणालातरी खिडकीपासून हातभर अंतरावर बसवा. आधी तोंड खिडकीकडे. चेहरा सगळा उजळ दिसेल, सावल्या जवळपास नाहीत. मग त्याला हळूहळू वळायला सांगा आणि नाकाच्या सावलीकडे बघत राहा. खिडकी त्याच्या पुढच्या कोपऱ्यात आली की दूरच्या गालावर सावली उतरते, नाकाला उठाव येतो, डोळ्यांत खिडकीचा छोटासा चौकोन चमकतो. आणखी वळवलं की अर्धा चेहरा अंधारात जातो. आणखी वळवलं की डोळ्यांतली चमक विझते आणि नजर निर्जीव वाटायला लागते. या प्रत्येक टप्प्यावर एक फोटो काढा. कॅमेरा तोच, माणूस तोच, कपडे तेच, तरी चार वेगळी माणसं बसल्यासारखे फोटो येतील.

मग त्याच माणसाला खिडकीपासून लांब, समोरच्या भिंतीला टेकवून बसवा. दोन बदल दिसतील. लांब गेल्यावर खिडकी त्याच्या दृष्टीने लहान झाली, म्हणून सावल्यांच्या कडा जास्त कडक झाल्या. आणि चेहरा व भिंत यांच्यावर सारखाच उजेड पडल्यामुळे माणूस भिंतीतून सुटून पुढे येत नाही. खिडकीजवळ बसवलं होतं तेव्हा मागची भिंत आपोआप काळोखात गेली होती. ‘मागचं सगळं गडद आणि चेहरा तेवढा उजळ’ हा परिणाम महागड्या लेन्सचा आहे असं अनेकांना वाटतं. तो मुख्यतः अंतराचा परिणाम आहे. दिवा किंवा फ्लॅशसारख्या लहान स्रोताच्या बाबतीत तर हिशेब अगदी रोखठोक आहे: अंतर दुप्पट, प्रकाश चौथाई.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला एक पांढरा मोठा कागद किंवा थर्मोकोलचा तुकडा धरा. कागद गालाच्या जवळ-लांब करत सावली कशी उघडते ते डोळ्यांनी बघा. स्टुडिओतला रिफ्लेक्टर याहून निराळं काही करत नाही.

बाहेर भर दुपारी माणसाला उन्हात उभं करू नका. एखाद्या छपराच्या किंवा झाडाच्या सावलीत, पण सावलीच्या काठावर, तोंड उघड्या आकाशाकडे करून उभं करा. आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. तो एवढासा दिवा लेन्सला चिकटून असल्यामुळे चेहऱ्यावरचा सगळा उठाव पुसून टाकतो.

पायरी ३: पाय वापरा

मोबाइलच्या मुख्य लेन्सची नजर फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, असलेल्या) कॅमेऱ्यावरच्या साधारण २४ ते २६ मिमी लेन्सएवढी रुंद असते. त्यामुळे चेहरा भरून घ्यायचा म्हणून आपण अगदी जवळ जातो, आणि नाक मोठं, कान आत गेलेले असा फोटो येतो. दोष लेन्सला मिळतो, पण कारण अंतर आहे. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतात असं धरा. तुम्ही नाकापासून ३० सेंमीवर असाल तर कान ४२ सेंमीवर, म्हणजे नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं दिसणार. दोन मीटरवर गेलात की हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. म्हणून दोन पावलं मागे जा आणि झूमची दुसरी लेन्स वापरा. ती नसेल तर मागूनच फोटो काढून क्रॉप करा. चेहऱ्याची ठेवण दोन्ही प्रकारांत सारखीच येईल, क्रॉपमध्ये थोडे पिक्सेल जातील इतकंच.

जवळ जाण्यालाही तेवढंच महत्त्व आहे. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला स्थलांतरित आईचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण त्याच भेटीतल्या तिच्या इतर फ्रेमही उपलब्ध आहेत आणि त्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. लांबच्या फ्रेममध्ये तंबू दिसतो, सामान दिसतं, माणसं त्यात विखुरलेली आहेत. प्रसिद्ध फ्रेममध्ये तंबू जवळपास नाहीसा झालाय. आईचा चेहरा, गालाशी टेकलेला हात, मांडीवर तान्हं मूल आणि दोन्ही खांद्यांशी पाठमोरी मुलं, एवढंच उरलंय. मुलांचे चेहरे दिसत नाहीत म्हणून आपली नजर आईवरून हलत नाही. या सगळ्या फ्रेमना कॅमेरा एकच होता.

सराव असा करा. एका विषयाचे फोटो एका जागी उभं राहून न काढता लांबून, मधून, जवळून, बसून, आणि शक्य असेल तर वरून काढा. प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी नजर फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली पिशवी, अर्धा कापलेला हात हे सगळं तिथेच सापडतं. डावीकडे एक पाऊल सरकलं की खांब जातो. मागे गर्दी असलीच तर गुडघ्यावर बसून आकाश पार्श्वभूमीला घ्या, किंवा माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणा, म्हणजे मागचं अधिक धूसर होईल.

पायरी ४: एक्सपोजर हातात घ्या

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे नेमकं ठाऊक नसतं. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून तो एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड यावा ते, ठरवायला बघतो. म्हणून पांढरे कपडे मळकट येतात, काळं मांजर राखाडी येतं आणि खिडकीसमोर उभा असलेला माणूस काळा ठिक्कर पडतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून थोडं सावरून घेतात, पण निर्णय तुमचा असलेला बरा. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं बटण किंवा चकती शोधा. फ्रेम बरीचशी पांढरी असेल तर +१, बरीचशी काळी असेल तर −१, इथून सुरुवात करा. बहुतेक मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, आणि मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. पांढऱ्यात जळून गेलेला भाग परत येत नाही, सावलीतला तपशील मात्र बराचसा वर काढता येतो. म्हणून शंका असेल तिथे किंचित कमी उजेड ठेवा.

मॅन्युअल मोडचा बाऊ करायचं कारण नाही. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवा आणि शटर स्पीडकडे लक्ष ठेवा. स्थिर उभ्या माणसाला १/१२५ सेकंद, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलाला १/५०० किंवा जास्त, उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास. हातात कॅमेरा धरून स्थिर वस्तूचा फोटो काढताना शटर फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) उलट संख्येहून कमी नसावा हा जुना नियम आहे: ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोर पळणाऱ्या मुलाला ते थांबवू शकत नाही. आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका. दाणेदार पण धारदार फोटो कामाचा असतो. हललेला फोटो आयएसओ १०० वर काढला तरी हललेलाच.

एवढी आकडेमोड कशासाठी, असं वाटत असेल तर अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा काढलेला फोटो आठवा: वर चंद्र, खाली स्मशानातले क्रूस. सूर्य मावळत होता आणि ॲडम्सला लाइट मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कॅन्डल असते हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्याने हिशेब केला आणि एफ/३२ ला (एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) एक सेकंद एक्सपोजर दिलं. दुसरा फोटो घ्यायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं, हाती एकच निगेटिव्ह राहिली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲडम्सकडे ८ बाय १० इंची निगेटिव्हचा मोठा कॅमेरा होता, आणि त्या फोटोच्या मोठ्या प्रिंटमध्ये जो तपशील दिसतो तो त्या आकारामुळेच. साधनाने तपशील दिला. एक्सपोजर मात्र त्याच्या डोक्यातून आलं.

पायरी ५: थांबा

आधी जागा निवडा, मग माणूस येण्याची वाट बघा. चांगला उजेड आणि स्वच्छ पार्श्वभूमी असलेला कोपरा सापडला की फोकस, एक्सपोजर सगळं तिथे लावून ठेवा आणि उभे राहा. माणसांच्या मागे कॅमेरा घेऊन धावण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी ठरतं. माणसांशी बोलत फोटो काढा. हसून संपल्यानंतरचा चेहरा बहुधा हसतानाच्या चेहऱ्याहून खरा असतो, म्हणून पहिल्या क्लिकनंतर कॅमेरा लगेच खाली घेऊ नका.

पायरी ६: निवड आणि एडिटिंग

हे काम फोटो काढण्याएवढंच शिकवतं आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. एकाच दृश्याच्या दहा फोटोंपैकी एक ठेवायचा, आणि तोच का हे स्वतःला एका वाक्यात सांगायचं. दोन फोटोंत अडकलात तर दोन्ही लहान करून, लघुचित्राच्या आकारात शेजारी ठेवा. तपशील दिसेनासे झाले की कुठली रचना अजून वाचता येते ते कळतं.

सोय असेल तर नेहमीच्या जेपेगऐवजी रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेली जवळपास कच्ची माहिती) काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उचलताना आणि रंग सावरताना हा फरक उघड दिसतो. सुरुवातीला फक्त चार गोष्टी करा: फोटो सरळ करा, क्रॉप करा, उजेड ठीक करा, रंगाचं तापमान ठीक करा.

मेगापिक्सेलचा मोह आवरायला इथेच एक हिशेब करून टाका. फुल एचडी पडद्याला सुमारे २ मेगापिक्सेल लागतात, ४के पडद्याला सुमारे ८.३. ए४ कागदावर ३०० डीपीआयची उत्तम प्रिंट काढायला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदी-उंचीत निम्मा कापला तरी ६ उरतात. तुमचे फोटो पडद्यावरच पाहिले जाणार असतील तर पिक्सेल तुमची अडचण असण्याची शक्यता फार कमी आहे.

पायरी ७: एक महिना एकच लेन्स

झूम असेल तर एका फोकल लेंग्थवर ठेवा, ३५ किंवा ५० मिमीच्या जवळपास, आणि महिनाभर बदलू नका. मोबाइल असेल तर एकच लेन्स. विषयही एक घ्या: हात, दारं, सकाळचा उजेड, काहीही. काही दिवसांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेममध्ये काय मावेल ते कळू लागतं. महिना संपला की पहिल्या पायरीतली झडती पुन्हा घ्या, नव्या फोटोंची.

पायरी ८: आता पैशांचा विचार

दोन्ही कागद शेजारी ठेवा. प्रकाश, गर्दी, क्षण हे रकाने आटले असतील आणि ‘विषय लांब’, ‘दाणेदार’ किंवा ‘विषय हलला’ यातला एखादा तसाच भरलेला असेल, तर तुमची मागणी खरी आहे. आता खर्च करायला हरकत नाही, फक्त क्रम सांभाळा.

आधी लेन्स पुसा. मोबाइलच्या लेन्सवरचा बोटाचा ठसा दिव्यांभोवती धुकं आणि लांब पट्टे आणतो, आणि फोटो दुधाळ दिसतो. ‘कॅमेरा खराब झालाय’ ही तक्रार कधी कधी एका मऊ कापडाने मिटते.

रात्रीची शहरं, वस्तूंचे फोटो असतील तर ट्रायपॉड. त्याने जुना कॅमेराही आयएसओ १०० वर स्वच्छ फोटो देतो. इनडोअर माणसं असतील तर वळणाऱ्या डोक्याचा फ्लॅश घ्या आणि तो पांढऱ्या छताकडे रोखा. छत हाच मोठा, मऊ दिवा होतो. दुसऱ्या पायरीत खिडकीशी जे शिकलात ते इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

मग लेन्स, आणि बॉडीच्या आधी लेन्स. किट झूम (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स) ५० मिमीच्या आसपास एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स तिथे जवळपास दहापट प्रकाश आत घेते. जिथे शटर १/१५ वर अडकत होता तिथे तो साधारण १/१५० मिळतो, म्हणजे हललेल्या आणि न हललेल्या फोटोतला फरक. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर मात्र ५० मिमीची नजर ७५-८० मिमीएवढी अरुंद होते. लहान खोलीत भिंतीला पाठ लागली तरी माणूस मावत नाही, तिथे ३५ मिमी घ्या. पक्षी, प्राणी, मैदानी खेळ असतील तर ४०० मिमी किंवा जास्त पल्ल्याची लेन्स ही चैन नाही, गरज आहे. मोबाइलचा डिजिटल झूम मुळात क्रॉपच असतो, तो ही उणीव भरून काढत नाही.

बॉडी शेवटी. एपीएस-सीच्या तुलनेत फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन पट, म्हणजे अंधारात एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त फायदा. वर हिशेब केलेल्या लेन्सचा फायदा तीन स्टॉपहून जास्त होता, हे ध्यानात घ्या. नव्या बॉडीचा खरा फायदा बहुधा फोकसमध्ये आहे. पळत्या माणसाचा डोळा किंवा उडता पक्षी ओळखून धरून ठेवणं जुन्या कॅमेऱ्यांना जमत नाही, आणि अशा विषयांत हा फरक मोठा आहे. पैसे घेऊन एकदाच घडणाऱ्या प्रसंगांचं काम करणाऱ्याला दोन कार्डांची सोय असलेली बॉडी हवीच, कारण एक कार्ड बिघडलं तर तो प्रसंग पुन्हा मिळत नाही. वजनही मोजा. जड म्हणून घरी राहणारा कॅमेरा कितीही चांगला असला तरी तुमच्या फोटोंत भर घालत नाही.

घेण्याआधी ते साधन एखाद्या मित्राकडून उसनं घ्या किंवा दोन दिवस भाड्याने आणा. आपल्या कागदावरच्या भरलेल्या रकान्यातला फोटो जिथे आणि ज्या उजेडात फसला होता, तिथेच जा. जुना कॅमेरा आणि उसनं साधन, दोन्हींनी तोच फोटो काढा. दोन्ही फोटो तुम्ही नेहमी ज्या आकारात बघता त्याच आकारात, शेजारी शेजारी ठेवा, आणि कुठला कशातून काढलाय हे न सांगता दुसऱ्या कोणालातरी निवडायला द्या. निवड दर वेळी नव्या साधनाच्या बाजूने पडली तर खुशाल विकत घ्या. निवड इकडे तिकडे होत राहिली, तर साधन परत करा आणि त्या रकान्यातले फोटो पुन्हा एकदा मोठे करून बघा. निदान कुठेतरी चुकलंय.